सबुरीचा निवडुंग

‘जरा सबुरीनं घे,’ असं आपण दिवसाकाठी एकदा तरी कुणाला सांगतो. साईबाबांच्या तसबिरीखालचे ‘श्रद्धा, सबुरी’ हे दोन शब्द वाचतच आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. यातली सबुरी मूळची अरबी. ‘सब्र’ म्हणजे धीर, सोसत थांबणं. तिथून हा शब्द फारसीत गेला आणि फारसीतून मराठीत येऊन इतका रुळला, की तो कधीकाळी परका होता हे आता मुद्दाम सांगावं लागतं. याच धातूतून अरबीत एका झाडाचंही नाव आलं आहे. सब्बार. म्हणजे आपला फड्या निवडुंग.

भूमध्य समुद्र आणि जॉर्डन नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दोन समाजांनी या निवडुंगाला आपलं म्हटलं. त्या मातीत जन्मलेला ज्यू स्वतःला अभिमानानं ‘साब्रा’ म्हणवतो, आणि साब्रा म्हणजे हा निवडुंगच. त्याच मातीतून उठवला गेलेला पॅलेस्टिनी माणूस आपलं गाव कुठं होतं हे दाखवताना निवडुंगाच्या रांगेकडे बोट करतो. या भूमीवरच्या हक्कांचा विषय निघाला की धर्मग्रंथ निघतात, तह निघतात, ठराव आणि नकाशे निघतात. त्यांचं मोल मी कमी मानत नाही. पण मला या काटेरी झाडाचा माग काढावासा वाटला, कारण नकाशात न उमटलेलं बरंच काही त्याच्या फड्यांनी धरून ठेवलं आहे.

झाड मुळात दूरदेशीचं, मेक्सिकोचं. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांच्या निवडीतून ते माणसाळवलं. त्याची कोवळी फडी भाजी म्हणून खाल्ली, बोंडं फळ म्हणून खाल्ली आणि त्यावर जगणाऱ्या इवल्याशा किड्यापासून लाल रंग काढला. मेक्सिकोच्या झेंड्यावर आजही निवडुंगावर बसलेला गरुड आहे. त्यामागची कथा अशी, की उत्तरेकडून भटकत आलेल्या मेशिका लोकांना देवाचा कौल मिळाला होता: निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथं थांबा, ती तुमची भूमी. तो त्यांना एका सरोवरातल्या बेटावर दिसला आणि तिथं तेनोच्तित्लान शहर उभं राहिलं. ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो. देवानं दाखवलेली भूमी, तिच्यासाठीची पायपीट आणि खूण म्हणून हेच झाड! हे सगळं जेरुसलेमपासून एका महासागरापलीकडे, तिथं हे झाड कुणी पाहिलेलंही नसताना घडलं होतं.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हा निवडुंग युरोपात नेला. स्पेनमधून तो समुद्र ओलांडून उत्तर आफ्रिकेत आणि पुढे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचला. जाईल तिथं त्याला नाव मिळालं ते मात्र दुसऱ्या कुणाचं तरी. मोरोक्को-अल्जीरियातल्या अरबांनी त्याला ख्रिस्ती लोकांचं अंजीर म्हटलं. फ्रेंचांनी बार्बरी अंजीर म्हटलं, म्हणजे त्याच उत्तर आफ्रिकेतल्या लोकांचं. तुर्कांसाठी ते फिरंगी अंजीर होतं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांसाठी तुर्की अंजीर. इटालियन लोकांनी त्याला भारताचं अंजीर केलं. लिनियसनं १७५३ साली शास्त्रीय नाव दिलं त्यातही ‘इंडिका’ आहे, कारण अमेरिकेलाच इंडिया समजण्याची कोलंबसाची चूक तोवर भाषेत मुरलेली होती. म्हणजे जो तो म्हणत होता, हे आमचं नव्हे, त्यांच्याकडून आलं. पॅलेस्टाईनमध्ये नेमकं उलट झालं. तिथं दोघेही म्हणाले, हे आमचं.

आणि दोघांच्याही धर्मग्रंथांत ते नाही, असणारही कसं! जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात त्या भूमीचं देणं म्हणून सात गोष्टी मोजल्या आहेत: गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध. कुराणात अंजिराची आणि जैतुनाची शपथ आहे. निवडुंगाची शपथ कुणी घेतलेली नाही. अब्राहामानं हे झाड पाहिलं नाही, येशूनं पाहिलं नाही, खलिफा उमरनंही पाहिलं नाही. फार तर चार-पाचशे वर्षांचा हा रहिवासी.

‘सब्र’ हे नाव त्याच्या आधी तिथं कोरफडीचं होतं. कोरफडीचा वाळवलेला कडू रस, ज्याला आपण काळा बोळ म्हणतो आणि युनानी हकीम मुसब्बर म्हणतात, तोही याच धातूतला. कोरफड पाण्यावाचून टिकते, म्हणून ती कबरीशेजारी लावत. गेलेल्याच्या आणि मागे राहिलेल्याच्या धीराची खूण म्हणून. मग हे नवं मांसल, काटेरी, पाण्याविना तगणारं झाड आलं आणि त्यालाही त्याच घराण्यातलं नाव मिळालं. नाव देणारा कुणी पंडित नसणार. दुष्काळात बाकी सगळं करपून गेलेलं असताना हिरवी उभी असलेली फडी पाहून एखाद्या शेतकऱ्याच्या तोंडून ते निघालं असेल, असं मला आपलं वाटतं.

त्या शेतकऱ्यानं त्याचं कुंपण केलं. फडं तोडायचं, आठवडाभर सावलीत ठेवून चीर सुकू द्यायची, मग बांधावर अर्धं मातीत खोचून द्यायचं. पाणी नको, राखण नको. तीन-चार वर्षांत छातीएवढी भिंत. शेळी आत शिरत नाही, उंट शिरत नाही, चोर शिरत नाही. वर उन्हाळ्याअखेर फळं मिळतात. आपल्याकडेही माळरानावर याच्या भाईबंदांची कुंपणं होती. लहानपणी त्यांची लाल बोंडं दगडावर घासून खाल्ल्यावर जीभ रंगायची आणि ओठांवर बारीक कुसं टोचत राहायची, ती मला अजून आठवतात. मोठे काटे दिसतात, ते टाळता येतात. फळावरची केसासारखी कुसं दिसत नाहीत. ती कातडीत शिरली की दोन-दोन दिवस सलतात. म्हणून पॅलेस्टाईनमधली माणसं फळं काढायला पहाटे जातात. दवानं कुसं ओली असतात तोवर ती वाऱ्यानं उडत नाहीत. लांब काठीच्या टोकाला रिकामा डबा ठोकलेला असतो. बोंड त्या डब्यात घ्यायचं, मनगटाला एक हिसडा द्यायचा, की फळ सुटून डब्यात. घरी येऊन दोन्ही टोकं कापायची, मधे एक उभी चीर द्यायची आणि साल दोन बोटांनी उलगडायची. आत नारिंगी गर, गोड, गार आणि बियांनी भरलेला. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या कडेला सोललेली बोंडं बर्फावर मांडून विकतात. अरब विक्रेत्याकडे ते सब्र असतं, हिब्रू बोलणाऱ्याकडे साब्रेस.

कुंपण म्हणजे मालकीची खूण, हे कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. पण सरकारदरबारी मालकी कागदावर ठरते. १८५८ साली उस्मानी साम्राज्यानं जमिनींची नोंद करण्याचा कायदा केला. नोंद म्हणजे कर आणि नोंद म्हणजे सैन्यभरती, अशी धास्ती फल्लाहीनांनी, म्हणजे तिथल्या कष्टकरी शेतकऱ्यांनी घेतली. अनेक ठिकाणी जमिनी शहरातल्या बड्या लोकांच्या नावावर लागल्या. बैरुतच्या सुरसुक घराण्याकडे एज्रेल खोऱ्यातली गावंच्या गावं गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत त्या जमिनी टप्प्याटप्प्यानं ज्यू संस्थांनी विकत घेतल्या. रीतसर पैसे मोजून, रीतसर कागद करून. आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळांना उठावं लागलं. ज्याच्या घरी कुळकायद्याच्या आठवणी आहेत त्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. कागद एकाचा, घाम दुसऱ्याचा. विकत घेणाऱ्यानं कुणाला फसवलं नव्हतं, आणि उठवल्या गेलेल्याची फसगत मात्र झाली होती. या भूमीच्या भांडणाची पहिली गाठ मला इथं दिसते, देवळात किंवा मशिदीत नव्हे.

जमीन घेणारे कोण होते, तेही बघितलं पाहिजे. १८८० नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळत होती, माणसं मारली जात होती. बहुतेक जण अमेरिकेला गेले. थोडे पॅलेस्टाईनला आले. त्यांच्यासाठी तो परका देश नव्हता. शतकानुशतकं वल्हांडणाच्या सणाला ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ म्हणणारी ही माणसं, प्रार्थनेला उभं राहताना तोंड त्या दिशेला करणारी. जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद, तिबेरिया इथं थोडे ज्यू आधीपासूनच राहत होते. १८९७ साली बाझेलला थिओडोर हर्झलनं या ओढीला राजकीय चळवळीचं रूप दिलं. परतणाऱ्याला आपण परत येतोय असं वाटत होतं. आणि आधीच राहणाऱ्याला कुणीतरी घरात शिरतंय असं वाटत होतं. दोघांचंही वाटणं खरं होतं.

१९१७ च्या वसंतात ब्रिटिश फौजा गाझासमोर येऊन अडल्या. गाझाभोवतीच्या बागा निवडुंगाच्या उंच कुंपणांनी वेढलेल्या होत्या आणि तुर्की सैनिकांनी त्यांचा तटबंदीसारखा वापर केला. मार्चमधला हल्ला फसला, एप्रिलमधला फसला. त्या कुंपणांमधून संगिनीनं वाट कापत जाणाऱ्या शिपायांची वर्णनं त्या लढाईच्या इतिहासांत आहेत. शहर पडलं ते ७ नोव्हेंबरला. त्याच्या पाचच दिवस आधी, २ नोव्हेंबर १९१७ ला लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरनं आपलं पत्र लिहिलं होतं: ज्यूंसाठी पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय घर. ज्यांची ती कुंपणं होती त्यांचा उल्लेख त्या पत्रात ‘अस्तित्वात असलेले ज्यूएतर समाज’ एवढाच आहे. १९२२ च्या खानेसुमारीत हे ‘ज्यूएतर’ दहातले जवळजवळ नऊ जण होते. गाझाचं नाव लिहिताना आज हात थांबतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला तिथून निघालेल्या हल्लेखोरांनी शेजारच्या किबुट्झांत, म्हणजे सामुदायिक वस्त्यांत, घराघरांत शिरून माणसं मारली आणि ओलीस नेली. त्यानंतर गाझाच्या वस्त्यांच्या वस्त्या माणसांसकट ढिगारा झाल्या. कुंपणांची ती जुनी वर्णनं आता मला पहिल्यासारखी वाचता येत नाहीत.

आता शब्दाकडे येतो. युरोपातून आलेल्या ज्यूंनी झाडाचं नाव शेजाऱ्याकडून घेतलं. सब्बारचं हिब्रूत त्साबार झालं, बोलण्यात साब्रा. सुरुवातीला माणसाला साब्रा म्हणणं ही शिवी होती. पॅलेस्टाईनमध्येच जन्मलेल्या मुलांना वॉर्सा-ओडेसाकडून आलेले सुशिक्षित लोक अडाणी, धसमुसळी, काटेरी म्हणत. तेल अवीवच्या हर्झलिया शाळेतली एक गोष्ट सांगतात. अभ्यासात युरोपातून आलेल्या मुलांपुढे टिकता येईना, तेव्हा इथल्या मुलांनी नुसत्या हातांनी निवडुंगाची बोंडं सोलून दाखवण्याची पैज लावली आणि जिंकली. १९३१ साली उरी केसरी नावाच्या पत्रकारानं याच शब्दाचा आधार घेऊन तक्रार मांडली: नोकऱ्या आणि मान बाहेरून आलेल्यांना, आणि इथं जन्मलेले आम्ही उपेक्षित. तिथून शिवीचं बिरुद झालं. बाहेरून काटेरी, आतून गोड, असा अर्थ त्यात भरला गेला आणि पन्नासच्या दशकापर्यंत साब्रा म्हणजे नव्या राष्ट्राचा आदर्श तरुण ठरला. खाकी अर्धी चड्डी, सँडल, उन्हानं रापलेलं अंग, तोंडावर स्पष्ट बोलणं. स्पष्ट बोलण्याला साब्रा मंडळी ‘दुग्री’ म्हणत. हा शब्द अरबीतून घेतलेला. शेकोटीभोवती रंगवून सांगायच्या थापांना ‘चिझबात’ म्हणत, तोही अरबी. गळ्यात अरबी केफिया रुमाल, शेकोटीवर अरबी पद्धतीची कॉफी. ‘मी इथलाच’ हे सांगण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं सामान शेजाऱ्याच्या घरातून आलं होतं. मी हे दोष म्हणून सांगत नाही. माणसं एकमेकांजवळ राहिली की असंच होतं. पण घेतलेल्याची आठवण ठेवली असती तर पुढचं थोडं तरी वेगळं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

साब्रा होण्याची ही ओढ किती तीव्र होती, ते दोन माणसांत दिसतं. दान बेन-आमोत्झ हा लेखक, नभोवाणीवरचा आवाज, अस्सल साब्रा म्हणून देशभर ठाऊक होता. प्रत्यक्षात तो १९२४ साली तेव्हाच्या पोलंडमधल्या रोव्नो गावी जन्मला, १९३८ मध्ये एकटाच पॅलेस्टाईनला आला. मागे राहिलेले आईवडील नाझींच्या हत्याकांडात गेले. त्यानं नाव बदललं, जन्मगाव झाकलं. दुसरा दोश, म्हणजे कारिएल गार्दोश हा व्यंगचित्रकार. १९५६ साली त्यानं ‘स्रुलिक’ हा गोल टोपीतला पोरगा जन्माला घातला आणि साऱ्या जगानं त्यालाच इस्रायल समजलं. दोश बुडापेस्टचा, युद्धकाळातल्या सक्तमजुरीतून जिवंत वाचलेला. त्याच्या टोपीवाल्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या आठवणींचा मागमूस नाही, आणि तो का नाही हे समजलं की ते चित्र बघताना गलबलून येतं. साठ लाख माणसं मारली गेली होती. तेव्हा पॅलेस्टाईनवर राज्य करणाऱ्या ब्रिटननं १९३९ च्या श्वेतपत्रिकेनं पाच वर्षांसाठी ७५,००० ज्यूंचीच मर्यादा घालून तिथलं दार जवळजवळ लावून घेतलं होतं. ज्यांना कुठलीही जमीन ‘ही तुझी’ म्हणायला तयार नव्हती, त्यांना कसंही करून जमिनीतून उगवलेलं व्हायचं होतं.

१९४७ च्या २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. भारतानं विरोधात मत दिलं होतं. स्वतःच्या फाळणीला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. ज्यू नेतृत्वानं ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला. युद्ध पेटलं. ते संपलं तेव्हा सात लाखांवर पॅलेस्टिनी घरांबाहेर होते आणि चारशेहून अधिक गावं रिकामी झाली होती. पुढच्या काही वर्षांत बगदाद, साना, त्रिपोली अशा शहरांतून लाखो ज्यूंना आपली शतकांची घरं सोडून इस्रायलला यावं लागलं.

रिकामी गावं बहुतेक पाडली गेली. दगड उचलून नेता येतो, भिंत बुलडोझरनं सपाट करता येते. निवडुंगाचं तसं नाही. तोडलेलं प्रत्येक फडं पडल्या जागी मूळ धरतं. जाळलं तर पुढच्या पावसात बुंध्यातून फुटतं. त्यामुळे घरं गेली आणि घरांची कुंपणं राहिली. तिबेरियाच्या पश्चिमेला लुब्या नावाचं गाव होतं, १९४५ च्या नोंदीत २,३५० वस्तीचं. जुलै १९४८ मध्ये ते पडलं. आज तिथं ज्यू राष्ट्रीय निधीनं लावलेलं पाइनचं दाट जंगल आहे. लोक सहलीला येतात. सावलीच्या झाडांमधून चालताना अचानक निवडुंगाची एक रांग लागते, सरळ, काटकोनात वळणारी. जंगलात निवडुंग असा आपणहून ओळीत उगवत नाही. कुणीतरी दोरी धरून लावल्यासारखी ती ओळ परसाची चौकट दाखवते, चौकटीवरून घर कळतं आणि दोन चौकटींमधल्या मोकळ्या पट्टीवरून गल्ली. जवळच लावी नावाचं किबुट्झ आहे. १९४९ साली ते वसवणाऱ्या तरुणांत असे कितीतरी होते, ज्यांना लहानपणी नाझी जर्मनीतून आगगाडीनं एकट्यानं इंग्लंडला धाडलं होतं. स्टेशनवर सोडायला आलेल्या आया त्यांतल्या अनेकांना परत दिसल्या नाहीत. लुब्याच्या ओळी आणि लावीची मुलं या दोन्ही गोष्टी मी एकत्र लिहितो, कारण त्या जागी त्या एकत्रच आहेत. एकानं दुसरी झाकता येत नाही.

जेरुसलेमच्या रस्त्यावर इमवास, यालो आणि बैत नुबा ही तीन गावं जून १९६७ च्या युद्धात पाडली गेली. इमवास आणि यालोच्या जागेवरच्या उद्यानाला कॅनडा पार्क म्हणतात. तिथंही कुंपणं उभी आहेत.

नाझरेथजवळच्या सफ्फुरियाची कथा आणखी जवळची, म्हणून अधिक टोचणारी. तिथले कितीतरी लोक परदेशी गेले नाहीत. ते नाझरेथमध्ये, आपल्या गावापासून तासाभराच्या चालीवर राहिले, इस्रायलचे नागरिक झाले, मतदानही करू लागले. पण १९५० च्या कायद्यानं त्यांच्या जमिनी ‘गैरहजर मालकांच्या’ ठरल्या. माणूस डोळ्यांसमोर उभा आणि कागदावर गैरहजर. तिथं अशा लोकांना सरळ ‘हजर-गैरहजर’ असंच म्हणतात. नाझरेथमध्ये त्यांच्या मोहल्ल्याचं नाव आजही सफाफरा, सफ्फुरियावाल्यांचा.

या गोष्टीत एक धागा आपल्या घरचाही आहे. तो म्हणजे कोकणातले बेने इस्रायली ज्यू, ज्यांना अलिबाग-पेणकडे ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक हळूहळू इस्रायलला गेले. भारतात त्यांना ज्यू म्हणून कुणी त्रास दिला नव्हता. ओढ होती ती श्रद्धेची. तिथं साब्राचा जो नमुना आदर्श मानला होता, त्यात मराठी बोलणारा, सावळा माणूस बसत नव्हता. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्माधिकाऱ्यांनी लग्नाच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी लावली. तुम्ही पुरते ज्यू आहात का, असा तो प्रश्न होता. मराठी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली आणि १९६४ साली त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली. दिमोना, बीर शेवा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत ती स्थिरावली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी तिथून चालवलं. पोहे, खोबरं, गूळ घालून एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं मलिदा तिथंही होतो. यातल्या लोद आणि रामला या दोन नावांवर मात्र मी अडखळतो. जुलै १९४८ मध्ये याच दोन गावांतून हजारो अरब कुटुंबांना कडक उन्हात पूर्वेकडे हाकललं गेलं होतं. कोकणातून आलेल्या आपल्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सरकारनं जे घर दाखवलं त्याच्या दाराच्या चौकटीवर त्यानं आपली मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची छोटी डबी, लावली आणि मलिद्याचं ताट मांडलं.

शब्दाच्या प्रवासात एक गोष्ट हरवली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिब्रूनं अरबीकडून झाड घेतलं, सबुरी घेतली नाही. हिब्रूत धीराला ‘सावलानूत’ म्हणतात, त्याचा धातू वेगळा, ओझं वाहण्याचा. त्यामुळे हिब्रू कानाला ‘साब्रा’मध्ये काटा आणि गोडवा ऐकू येतो, अरबी कानाला त्याच झाडात थांबणं ऐकू येतं. नाबलुसच्या सहर खलीफा यांनी १९७६ साली, इस्रायली ताब्यातल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जगण्यावर कादंबरी लिहिली, तिचं नाव ‘अस्-सब्बार’. मूळ वाचकाला ते नाव घेताक्षणी दोन अर्थ मिळतात, झाडही आणि सोसणंही. भाषांतरात दुसरा गळून पडतो. मराठीत तो थोडा तरी वाचवता येईल, सबुरी आपल्याकडे आहे म्हणून.

आसिम अबू शकरा हा चित्रकार १९६१ साली उम्म अल-फहम या अरब गावात जन्मला. शिकायला तेल अवीवला गेला. तिथं एका खिडकीत त्याला कुंडीत लावलेला निवडुंग दिसला. त्यानंतर त्यानं जवळजवळ तेवढंच रंगवलं: कुंडी, निवडुंग, मागे रिकामी भिंत. इस्रायली चित्रकारांनी निवडुंग त्याच्याआधी रंगवला होता, साब्राचं प्रतीक म्हणून, उघड्या रानातला. अबू शकराचा निवडुंग घरात आणलेला आहे. मुळं चार बोटं मातीत कोंबलेली, फडी काळसर, कधी एखादं लाल फूल. त्याला कर्करोग झाला होता. १९९० साली, तिशीही न ओलांडता तो गेला. पॅलेस्टिनी समीक्षकांनी त्या चित्रांत आपली सबुरी पाहिली, इस्रायली समीक्षकांनी आपल्या साब्राला विचारलेला प्रश्न पाहिला. मला त्या चित्रांत आधी एक आजारी तरुण दिसतो, खिडकीपाशी बसलेला. मग बाकीचं.

अलीकडे कुंपणंच धोक्यात आली आहेत. २०१३ साली उत्तरेतल्या हुला खोऱ्यात निवडुंगांवर पांढरे कापसासारखे पुंजके दिसले. पुंजका चिरडला की बोट लाल होतं. मेक्सिकोत रंग देणाऱ्या किड्याचाच हा भाऊबंद. दक्षिण भारतात शंभर वर्षांपूर्वी माजलेला निवडुंग मारायला हा किडा मुद्दाम आणून सोडला होता आणि त्यानं मैलच्या मैल रान साफ केलं होतं. हुला खोऱ्यात तो न बोलावता आला आणि फडी पिवळी पडून, वाळून कोसळू लागली. इस्रायली शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून त्याला खाणारा एक भुंगा आणि एक माशी आणून रानात सोडली. ज्या ओळींवर पाटी नाही, नोंद नाही, ज्यांच्यासाठी कुणी अर्ज केला नव्हता, अशाही ओळी त्यामुळे काही ठिकाणी वाचल्या असतील.

गावांतून उठवलेल्यांची मुलं-नातवंडं, जी इस्रायलमध्येच राहतात, ती अजून उन्हाळ्यात जुन्या जागी जातात. सोबत डबा ठोकलेली काठी असते. उजाडायच्या आत निघायचं, दव आहे तोवर. आजोबांनी सांगितलेली विहीर कुठं, शाळा कुठं, हे पाइनच्या बुंध्यांमधून हुडकायचं. मग ओळ सापडते. वरच्या फड्याच्या कडेला बोंडं पिवळी-केशरी झालेली असतात. काठी वर जाते, बोंड डब्यात येतं, मनगटाला हिसडा बसतो.